वादळावर टेकलेला काटा

“टिचकी मारा, जावईबापू, टिचकी! बुक्की नव्हे! बॅरोमीटर आहे तो, कलिंगड नाही पिकलंय का बघायला!”

सासरे नाहरगडाच्या चढावर, तिसऱ्या वळणाशी छत्री टेकून उभे राहून ओरडत होते. मी त्यांच्या वीस पावलं पुढे, छातीशी पितळी बॅरोमीटर धरून, त्यांच्या दुप्पट आवाजात ओरडत होतो, “मारली टिचकी! उतरला काटा! या, वर या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा!”

जूनचा पहिला आठवडा, दुपारचे चार. पायाखालचे दगड असे तापले होते की माझ्या चपलेचा तळ एका जागी उभं राहिलं तर चिकटायचा. मागे वळून पाहिलं तर एक लंगूर आमच्या सावलीत सावली धरून चालत होता. त्यालाही दुसरी मिळाली नव्हती. खाली सगळं जयपूर दारं लावून निपचित पडलं होतं. त्या उन्हात ओरडणारी माणसं अख्ख्या शहरात दोनच होती, आणि दोन्ही मराठी.

हा खटाटोप कशासाठी चालला होता ते आधीच सांगून टाकतो. पुढे ज्यांना ज्यांना ही हकिगत सांगितली, त्यांना वाटलं की विज्ञानासाठी. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो, त्यामुळे मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. पण खरं सांगायचं तर विज्ञान गेलं खड्ड्यात. मला गच्चीवर झोपायचं होतं. बस, एवढंच.

पन्नास आणि साठच्या दशकांच्या सांध्यावरचा तो काळ. नोकरी लागून मी बायकोसह जयपूरला आलो आणि पुरानी बस्तीत एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. छत दगडी पट्ट्यांचं. त्या पट्ट्या दिवसभर ऊन प्यायच्या आणि रात्रभर ते आमच्या अंगावर ओकायच्या. देवापुढची मेणबत्ती न पेटवताच वाकून नमस्कार करायची. कणकेचा गोळा परातीत विसरला तर सकाळी त्याचा पाव झालेला असे. एकदा मी उशीखाली मनगटी घड्याळ ठेवून झोपलो, तर सकाळी ते वीस मिनिटं पुढे. बायको म्हणाली किल्ली जास्त दिली असेल. मी म्हणतो, त्या बिचाऱ्या घड्याळालासुद्धा रात्र लवकर संपायला हवी होती.

आणि आमच्या डोक्यावर, त्याच पट्ट्यांच्या वर, स्वर्ग होता. सूर्य मावळला की अख्खं जयपूर एक मजला वर चढायचं. गच्च्यांवर पाणी शिंपडायचं, ते चर्र करून उडून जायचं, पुन्हा शिंपडायचं. मग खाटा, त्यावर पांढऱ्या चादरी, उशाशी सुरई. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर गप्पा. माझी तर खात्री आहे की त्या काळात जयपुरातली निम्मी लग्नं गच्चीवरून गच्चीवर ओरडून जुळली आणि उरलेली तशीच मोडली. वाळवंटाकडची हवा, सूर्य गेला की आभाळ मोकळं, ढगांचं पांघरूण नाही, जमिनीची सगळी ऊब वर निघून जाते आणि पहाटे अंगावर चादर ओढावी लागते. चादर! तीन उन्हाळे मी ही चादर फक्त ऐकून होतो. कारण आमच्या घरात एक बॅरोमीटर होता आणि त्याचा काटा वादळावर होता.

माझे सासरे कोकण किनाऱ्यावरच्या एका बंदरात आयुष्यभर नोकरीला होते. समुद्र खवळणार अशी तार आली की बंदरावर बावटा चढवणं, होड्या परत बोलावणं, हे त्यांचं काम. बोटीवरच्या कुणा म्हाताऱ्या कप्तानानं जाताना त्यांना तो पितळी बॅरोमीटर दिला होता. जेवणाच्या ताटलीएवढा, जाड काचेचा. तबकडीवर सत्तावीसपासून एकतीसपर्यंत इंचांचे आकडे, आणि आकड्यांच्या वर इंग्रजी शब्द. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं म्हणून सासऱ्यांनी काच उघडून त्या शब्दांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. खालून वर: वादळ, पाऊस, पालट, उघाड, कोरडं. सासूबाई गेल्या, चिठ्ठ्या राहिल्या. आणि आमच्या लग्नात त्यांनी तो बॅरोमीटर मुलीबरोबर दिला. लोक मुलीच्या पाठवणीला रडतात. सासऱ्यांचं माहीत नाही. मला तरी वाटलं ते यंत्राकडे बघून रडत होते.

“जावईबापू,” ते म्हणाले होते, “हे यंत्र खोटं बोलत नाही. आणि मागे एक स्क्रू आहे, त्याला हात लावायचा नाही.”

बायकोनं तो मांडीवर घेऊन मुंबई ते जयपूर प्रवास केला. अहमदाबादपर्यंत काटा उघाडावर होता. तिथून छोट्या रुळांची गाडी धरली, गाडी चढ चढायला लागली आणि काटा उतरायला लागला. अबू रोडला पालट. पुढे पाऊस. अजमेरला तर तो वादळाच्याही जरा खाली गेला, आणि जयपूरला येऊन वादळावर टेकला. त्यानंतर तो तिथून हलला म्हणजे केसभर इकडे, केसभर तिकडे. बायको खिडकीतून बाहेर बघायची, निळंशार आभाळ. मग काट्याकडे बघायची. विश्वास तिनं काट्यावर ठेवला.

तिच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर वाचणाऱ्याला ती वेडी वाटेल. ती सहा वर्षांची असताना बंदरावरच्या त्यांच्या घरी उन्हाळ्यात सगळे पडवीत झोपायचे. एका संध्याकाळी काटा वादळावर गेला. वडिलांनी सगळी अंथरुणं आत घेतली. रात्री वारा आला आणि ती पडवी, कौलं, वासे, खांब, सगळं उचलून पलीकडच्या माडांत नेऊन टाकलं. तेव्हापासून काटा वादळावर असला की उघड्यावर अंथरूण घालायचं नाही, हा तिच्या घरचा नियम. त्या गोष्टीवर हसणं तिला शक्य नव्हतं. आणि न हसणं मला शक्य झालं नाही. तिथंच माझं पहिलं चुकलं.

“अगं, हवेलासुद्धा वजन असतं,” मी समजवायचो. “आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी चालतो. तुझ्या माहेरी अगदी तळाशी, म्हणून डोक्यावर सगळ्यात जास्त हवा. जयपूर चौदाशे फूट वर आहे. तेवढा थर डोक्यावरून कमी झाला. हजार फुटांना साधारण इंचभर काटा उतरतो. म्हणजे इथे दीड इंच. हा वादळामुळे उतरलेला नाही, उंचीमुळे उतरलाय.”

“मग मे महिन्यात तीन आंध्या आल्या त्या?”

“त्या येणारच होत्या.”

“काट्यानं सांगितलं होतं.”

“काटा बारा महिने तेच सांगतोय!”

“मतलब बारा महिने सावध राहायला हवं,” ती म्हणाली. जयपुरात वर्षभरात तिच्या मराठीत ‘मतलब’ शिरला होता, आणि माझा पराभव होणार असला की नेमका तो यायचा.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या आत आम्हाला मुलगी झाली आणि माझी बाजू पार बुडाली. आता प्रश्न माझ्या झोपेचा राहिला नव्हता. वादळाचा काटा एकीकडे आणि तान्हं मूल एकीकडे. खालच्या मजल्यावरची घरमालकीण, धिप्पाड आणि गोड, संध्याकाळी खाट डोक्यावर घेऊन आमच्या दारावरून जिना चढायची आणि न चुकता थांबायची. “मास्टरसाब, ऊपर आ जाओ! नीचे क्या पापड़ सेंक रहे हो?”

“आंधी आएगी,” बायको सांगायची.

“आएगी तो खाट उठाके भाग आएँगे। और क्या!” आणि ती हसत वर जायची. तिच्या खाटेचे पाय आमच्या छतावर टेकल्याचा आवाज यायचा. ठक, ठक, ठक, ठक. चार वेळा. मी रोज मोजायचो.

शेवटी मी सासऱ्यांना पत्र लिहिलं. सात पानं. पृथ्वीभोवती हवेचे थर, समुद्रसपाटी, उंची वाढते तसा हवेचा भार कसा घटतो, त्याची आकृती, आकृतीत छोटं बंदर, छोटं जयपूर, दोघांच्या डोक्यावर हवेचे खांब, एक उंच, एक बुटका. कॉलेजात शिकवताना मी एवढी मेहनत कधी घेतली नाही. महिन्याभरानं पोस्टकार्ड आलं: “पत्र पोचले. अक्षर सुरेख आहे. आकृतीही छान. बाळीस उन्हाचे जपावे. मागील स्क्रूला हात लावू नये.”

ते कार्ड मी तीनदा वाचलं. मग गच्चीवर जाऊन भर उन्हात उभा राहिलो, कारण घरात ओरडलो असतो तर बाळी उठली असती.

तिसऱ्या उन्हाळ्यात सासरे स्वतः आले. हापूसची पेटी, काळी टोपी, छत्री. जयपुरात जूनमध्ये छत्री! गल्लीतली पोरं त्यांच्या मागे ‘नानाजी, बारिस कहाँ है’ ओरडत फिरायची आणि ते गंभीरपणे सांगायचे, “आएगी.” रोज सकाळी स्नान-पूजा झाली की ते भिंतीवरच्या बॅरोमीटरपाशी जायचे, काचेवर टिचकी मारायचे, मग मधली छोटी मूठ फिरवून तबकडीवरचा दुसरा, पितळी काटा मुख्य काट्याच्या बरोबर वर आणून ठेवायचे. मला ती त्यांची पूजाच वाटली. शेवटचं फूल.

मी त्यांना शिकवायला सुरुवात केली. दुसरा शब्द नाही. जंतर मंतरला घेऊन गेलो. तिथल्या त्या प्रचंड दगडी सूर्यघड्याळावर सावली किती वाजलेत दाखवते ते त्यांना दाखवलं, त्यांच्या खिशातल्या घड्याळाशी ताडून पाहायला लावलं आणि म्हटलं, “बघा, जवळजवळ सत्तावीस मिनिटांचा फरक! घड्याळ सगळ्या देशाचं एक, पण सूर्य जयपूरच्या माथ्यावर उशिरा येतो, कारण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, आणि एक अंश फिरायला तिला चार मिनिटं लागतात.”

“हो का,” ते म्हणाले.

आभाळ निळं का, संध्याकाळी तांबडं का, चंद्राभोवती खळं का पडतं, सगळं सांगितलं. प्रत्येकाला “हो का.” ना प्रश्न, ना शंका. असा विद्यार्थी मिळाला की मास्तर पंधरा दिवसांत म्हातारा होतो. मी हवेच्या भारावर आलो. उंचीवर आलो. हजार फुटांना एक इंच इथवर आलो. “हो का.” आणि संध्याकाळी टिचकी.

एका दुपारी जेवताना माझा तोल गेला. “बाबा, मी तुम्हाला सिद्ध करून दाखवतो! बॅरोमीटर घेऊन नाहरगडावर चढू. गड शहराच्या सहाशे फूट वर आहे. काटा तुमच्या डोळ्यांदेखत अर्ध्या इंचाच्या वर उतरेल. मग तरी मानाल?”

सासरे आंब्याची कोय चोखत होते. बोलली ती बायको. “बाबांनी स्वतःच्या तोंडानं म्हटलं, की काटा इथं उंचीमुळे उतरलाय, तर मी त्या रात्री अंथरूण वर नेईन. बाळीलाही नेईन. तुमच्या तोंडानं नाही हं, बाबांच्या.”

एवढंच हवं होतं. एक वाक्य. म्हाताऱ्याच्या तोंडून एक वाक्य, आणि वर चादर, तारे, पहाटेचा गारवा.

दोन दिवसांनी सुट्टी होती. दुपारी तीनला मी चपला घालून तयार. सासरे बॅरोमीटरसमोर उभे. टिचकी मारली. वाकून बघितलं. पुन्हा टिचकी.

“आज नको, जावईबापू. उद्या जाऊ.”

“का? गुडघे दुखतात?”

“गुडघे बरे आहेत. आज नको.”

मला हसू आलं. आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते. “बाबा,” मी म्हटलं, “हरायची भीती वाटते की काय?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवली आणि छत्री घेतली.

तर असे आम्ही चढावर होतो. गडाचा रस्ता पुरानी बस्तीतून सरळ वर निघतो, दगडी फरशीचा, इकडून तिकडे वळणं घेत. मी प्रत्येक वळणावर थांबायचो, टिचकी मारायचो, आकडा ओरडायचो. पहिल्या वळणावर काटा वादळाच्या मध्यावरून सुटला. दुसऱ्यावर खालच्या कडेला. तिसऱ्यानंतर चिठ्ठीच्या पार खाली, कोऱ्या पितळेवर. आयुष्यात मी कित्येक प्रयोग केले असतील, पण निसर्ग एवढ्या आज्ञाधारकपणे कधी वागला नव्हता. सासरे घाम पुसत, छत्री टेकत वर येत होते. एका वळणावर म्हणाले, “जावईबापू, घरून निघताना मी बघितलं तेव्हा...”

“घरचं राहू द्या हो! इथलं बघा!”

वर गडाच्या तटाशी पोचलो तेव्हा काटा अठ्ठावीसच्या चांगलाच खाली होता. मी बॅरोमीटर तटावर ठेवला आणि मी वकील असतो तर न्यायाधीश उठून उभा राहिला असता असं भाषण केलं. “सहाशे फूट! अर्ध्या इंचाहून जास्त! आभाळात ढगाचा ठिपका नाही, वारा नाही, पानसुद्धा हलत नाही. मग काटा कशानं उतरला? बोला! वादळानं? कुठाय वादळ? बोला ना!”

ते माझ्याकडे बघत नव्हते. ते पश्चिमेकडे बघत होते.

“मी काय म्हणत होतो,” ते म्हणाले, “सकाळी घरी...”

“बाबा, विषय बदलू नका!”

तेवढ्यात घारी खाली आल्या. उंच फिरत होत्या त्या सगळ्या एकदम खाली. मी पश्चिमेकडे वळलो आणि बघतो तो क्षितिज नव्हतं. त्याच्या जागी भिंत होती. तपकिरी, वरून खदखदणारी, जमिनीपासून थेट आभाळापर्यंत, आणि ती चालत होती. पुढे चाळीस वर्षं मी वर्गात सांगत आलो: तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, उंच ढग उभा राहतो, त्यातून थंड जड हवा धप्पकन खाली पडते, जमिनीवर पसरते, आणि पुढे जाताना धूळ उचलून उभी करते. सांगायला पंधरा सेकंद लागतात. समोर यायलाही तेवढेच लागले.

पुढचा अर्धा तास आम्ही गडाच्या एका कमानीत भिंतीला चिकटून काढला. सासऱ्यांची छत्री पहिल्याच झोताला गेली; ती उघडली, उलटली आणि तटावरून भरतपूरच्या दिशेनं निघाली, आणि मला शंका आहे की ती अजून उतरलेली नाही. त्यांनी बॅरोमीटर सदऱ्याच्या आत घालून पोटाशी धरला होता. दिवसाढवळ्या अंधार झाला. मी तशातही त्यांच्या कानाशी ओरडत होतो, “हे वेगळं! हे उंचीशी... हे योगायोग...” पण हवेच्या भाराचा सिद्धान्त आणि मूठभर वाळू एकाच तोंडात मावत नाही. मग गार वारा सुटला, सुपारीएवढे चार थेंब पडले, आणि संपलं.

घरी आलो तेव्हा दारात घरमालकीण उभी होती. तिनं आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “अरे, मैंने तो एक मास्टर और एक नानाजी भेजे थे, ये दो भूत किसके हैं?” वर बायको दारात, कडेवर बाळी. बाळी टाळ्या वाजवत म्हणाली, “आजोबा, आंधी!” बायकोनं वडिलांच्या पोटाशी धरलेला बॅरोमीटर हलकेच काढून घेतला, पदरानं काच पुसली, भिंतीवर लावला. काटा वादळावर. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं.

“वादळ म्हणाला होता ना?”

मी तीन उन्हाळे सोसले होते. हजार दिवस तो बॅरोमीटर भिंतीवर बसून धादांत खोटं बोलला होता. आणि ज्या दिवशी मी त्याचं खोटं उघडं पाडायला त्याला डोंगरावर वाहून नेलं, नेमक्या त्या दिवशी तो खरं बोलला! मी हे सगळं तिला सांगितलं, बहुतेक जिन्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

“बाबांनी म्हटलं का तोंडानं?” तिनं विचारलं.

“अगं म्हणणारच होते! आणखी एक मिनिट मिळालं असतं तर...”

“म्हटलं का?”

“नाही.”

ती पोळ्या करायला गेली.

जेवणं झाली. वर घरमालकिणीची खाट टेकली. ठक, ठक, ठक, ठक. मी खोलीत सतरंजी टाकली, टॉवेल ओला करून छातीवर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. पट्ट्यांनी आपलं काम सुरू केलं होतं. तेवढ्यात पावलं वाजली. सासरे, अंघोळ करून स्वच्छ, बॅरोमीटरला टिचकी मारत होते. मग त्यांनी आपली गादी गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि जिन्याकडे निघाले.

मी उठून बसलो. “कुठे निघालात?”

“वर. हवा गार झालीय.”

“काटा वादळावर आहे!”

“चढतोय.”

“चढतोय काय! चिठ्ठी वाचा ना, तुमच्याच अक्षरातली! वादळ!”

“चिठ्ठीकडे कोण बघतं, जावईबापू? त्या आमच्या हिच्यासाठी लावल्या होत्या. काटा कुठं आहे ते बघायचं नसतं, कुठल्या बाजूला चाललाय ते बघायचं. सकाळी पितळी काटा त्याच्यावर ठेवायचा, मग दिवसभर कळतं. दुपारी तो रोज थोडा उतरतोच. आज तीनला फार उतरला होता. म्हणून म्हटलं, उद्या जाऊ. गडावरही सांगत होतो.”

“आणि उंची?”

“उंचीमुळेच उतरलाय तो इथं. हजार फुटांना इंच. तुम्ही बरोबरच सांगत होतात. घाटावर बदली झालेली माणसं बंदरावर कितीदा लिहायची, काटा पडला म्हणून.”

“मग तो स्क्रू?”

“जुना आहे. काटा दीड इंच वर सरकवायला तो फिरवला तर मोडेल.”

आतल्या दारात बायको उभी होती. किती वेळ उभी होती, कोण जाणे. तिनं खाली वाकून झोपलेल्या बाळीला उचललं, माझ्या उशाची चादर ओढून घेतली, आणि माझ्या अंगावरून पलीकडे पाऊल टाकून जिना चढून गेली. वचन म्हणजे वचन.

खाली उरलो मी आणि अर्ध्या जिन्यात सासरे.

“बाबा,” मी म्हटलं, आणि आवाज आवरला नाही, “तीन वर्षं! तीन वर्षं मी ह्या भट्टीत भाजतोय! सात पानी पत्र लिहिलं तुम्हाला, आकृतीसकट! एक ओळ, फक्त एक ओळ उलट लिहायला काय झालं होतं?”

त्यांनी गादी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“त्या पत्रात तुम्ही काही विचारलंच नव्हतं,” ते म्हणाले.